एकशे पंचवीसची डबी

"जड घे, वेइको. हरणाला कायम जड. हलकी गोळी डबे उडवायला ठीक."

हे ऑर्वोचं सांगणं. दर नोव्हेंबरात, शिकारीचा हंगाम उघडायच्या आदल्या संध्याकाळी, स्वयंपाकघरातल्या टेबलाच्या त्या टोकावरून हा आवाज यायचा. तो सायमाला उद्देशून कधीच नसायचा, धाकट्या भावाला असायचा. सायमा चुलीपाशी वेलदोड्याच्या पावावर साखरपाणी फिरवत असायची आणि पुरुषांचं बोलणं तिच्या कानांवरून वाहून जायचं. पण छत्तीस वर्षं वाहिलेल्या पाण्याचीही खूण राहतेच. आता ऑर्वो नव्हता आणि त्याचं हे एवढं वाक्य मात्र घरात राहिलं होतं.

ऑर्वो मार्चमध्ये गेला. सरपणाच्या खोपीत, फोडलेल्या मेपलचा भारा कवेत असतानाच खाली बसला तो उठलाच नाही. जमीन दगडासारखी गोठलेली, म्हणून मे उजाडेपर्यंत त्याला दफनभूमीच्या कोठडीत ठेवावं लागलं. ते दोन महिने सायमा रोज विचार करायची, की हा अजून पुरता गेलेला नाही आणि पुरता राहिलेलाही नाही.

तिच्या मनात आणखी एक होतं, ते ती कुणापाशी बोलली नव्हती. त्यांच्या चर्चच्या मंडळीत रीत अशी, की मनावर काही ओझं असलं तर दुसऱ्या भाविकाकडे जायचं, तोंडानं बोलून टाकायचं आणि त्यानं तोंडानंच म्हणायचं, क्षमा झाली, विश्वास ठेव. माणसानं जाताना असं धुऊन जावं. ऑर्वो दर रविवारी प्रार्थनाघरात यायचा, शेवटच्या बाकावर बसायचा, टोपी गुडघ्यावर आणि ओठ मिटलेले. छत्तीस वर्षांत त्यानं एकदाही गाणं म्हटलं नाही, एकदाही क्षमा मागितली नाही. स्वभावानं वाईट नव्हता. शेजाऱ्याचं छत बर्फानं खचलं तर न बोलावता शिडी घेऊन जायचा. पण आत काय होतं, देवाचं नाव त्याच्या आत कधी शिरलं की नाही, हे सायमाला कधी कळलं नाही. आणि जाताना तो एक शब्दही न बोलता गेला.

कळलं नाही असंही नाही. डब्या होत्या ना.

ऑर्वो काडतुसं घरीच भरायचा. लाकूडकटाईत आरीनं त्याच्या डाव्या हाताची तीन बोटं नेली, तेव्हापासून बंदूक पेलायला हात उरला नाही. म्हणून तो हरणाला रिव्हॉल्वर घेऊन जायचा आणि त्याबद्दल चेष्टाही सोसायचा. शनिवारी सौनातली वाफेची अंघोळ झाली, अंगावर कोरडे कपडे चढले, की टेबलावरचं मेणकापड पुसून तो कडेला लोखंडी दाबयंत्र आवळायचा. शेजारी इवलासा तराजू, बंदुकीच्या दारूची बरणी, गोळ्यांच्या वाट्या. समोर सायमा गीतपुस्तक उघडून बसायची आणि हळू आवाजात एक गाणं म्हणायची. तिचा आवाज मुळातच खालचा. चुलीतलं लाकूड तडकलं तरी त्यात बुडायचा.

डबी भरली की ऑर्वो झाकणावर सुताराच्या जाड पेन्सिलीनं एक आकडा लिहायचा. एका शनिवारी ती एकशे पंचविसावं गाणं म्हणत होती. डोंगराचं गाणं, चाल संथ, पावलं रोवत चढावी तशी. गाणं संपलं आणि तिनं मान वर केली तर ऑर्वो झाकणावर लिहीत होता: १२५. खाली त्यानं एक छोटंसं वर्तुळही काढलं. सायमाच्या छातीत लख्ख झालं.  अंड्यांवर बसलेल्या पाखराकडे आपण टक लावून बघत नाही, तशी तिनं नजर वळवली आणि पान उलटलं.

तो गेल्यावर तिनं पिठाच्या पेटीखालचा खण उघडला. एकशे दहा, एकशे पंचवीस, एकशे चाळीस, एकशे अठ्ठावन्न, एकशे ऐंशी. सगळी तिनं म्हटलेली गाणी. ती खणापाशी जमिनीवर बसली आणि तिला पहिल्यांदा मोकळं रडू आलं. तेव्हापासून तिचा नेम झाला. पहाटे गुडघे टेकून प्रार्थना, मग डब्यांवरच्या आकड्यांतलं एक गाणं, क्रमानं, आणि त्यानंतरच कॉफी. ताप असला तरी नेम चुकला नाही.

हंगामाच्या आदल्या दिवशी वेइकोचा फोन आला. ऑगस्टमध्ये त्याच्या खांद्याची शस्त्रक्रिया झाली होती. बंदुकीचा दस्ता वर्षभर खांद्याला लावायचा नाही, असं डॉक्टरनं बजावलं होतं.

"वहिनी, दादाचं रिव्हॉल्वर देशील? एका हंगामापुरतं."

"त्यात काय विचारायचं. तुझंच आहे."

"आणि सहा काडतुसं. जड बघून दे. दादाच्या डब्या मला ठाऊक आहेत, पण पहाटे मी आत नाही यायचो. आलो की तू कॉफी पाजणार, पाव देणार, आणि हरणं माझी वाट बघत उभी राहणार थोडीच?"

"येताना पायपुसण्यावर बूट तरी झाडशील?"

"आतच येणार नाही म्हटल्यावर कशाला झाडू?"

फोन ठेवून सायमानं खण ओढला. प्रत्येक डबीतून एकेक काडतूस काढून तळव्यावर ठेवलं. जड कुठलं? सगळी सारखीच वाटत होती, गार आणि पितळी. पिठाच्या तराजूचा काटाही कुणासाठी हलेना.  ऑर्वो जड म्हणायचा तो कशाला जड म्हणत असेल? एकशे अठ्ठावन्न हे संध्याकाळचं गाणं, झोपत्या लेकरासाठी म्हणावं इतकं हलकं. एकशे ऐंशी लग्नाचं. एकशे दहावं मुलं टाळ्या वाजवत म्हणतात, एकशे चाळिसावं सुगीच्या आनंदाचं. जड एकच होतं. तिनं डोंगराच्या डबीतून सहा काडतुसं काढली, धुतलेल्या रुमालात बांधली आणि रुमालावर तळवा ठेवून वेइकोसाठी दोन शब्द प्रार्थना केली.

पहाटे गाडी चालूच ठेवून वेइको दारात उभा राहिला. तिनं दिलेलं रिव्हॉल्वर कमरेला खोचून त्यानं अंधारात रुमाल हातात घेऊन बघितला.

"इस्त्री केलीस होय? हरिण मारायचंय वहिनी, त्याला बाप्तिस्मा नाही द्यायचा."

"देवाची शांती असो," ती म्हणाली.

"असो, असो," म्हणत तो गेला. वीस वर्षांपूर्वी त्यानं मंडळीत निषिद्ध असलेला टेलिव्हिजन घरात आणला आणि मंडळी सोडली, तेव्हापासून या शब्दांना तो असंच काहीतरी उत्तर द्यायचा.

साडेदहाच्या सुमारास दलदलीच्या बाजूनं एक बार ऐकू आला. सायमा हातातलं पीठ तसंच ठेवून थांबली. ऑर्वोचा एकच बार असायचा. पुष्कळ वेळ गेला आणि दुसरा बार झाला, लांब, पश्चिमेकडे. मग काही नाही. आभाळ खाली आलं होतं, राखेच्या रंगाचं. रेडिओनं संध्याकाळपासून बर्फ सांगितला होता.

दोनला दहा मिनिटं कमी असताना वेइको आला. मांडीपर्यंत भिजलेला, एक पाय ओढत. त्यानं बूट झाडले नाहीत. खुर्चीवर बसला, खिशातला रुमाल काढला आणि उरलेली चार काडतुसं मेणकापडावर ओतली.

"हे काय दिलंस तू मला?"

"काय झालं? पायाला काय झालं?"

"पायाचं राहू दे. दलदलीत बर्फाचा पापुद्रा फुटला, गुडघा मुरगळला. हे बघ आधी." त्यानं एक काडतूस तिच्या नाकासमोर धरलं. "टोकाला खळगा आहे. दिसतो? मला अंधारात नाही दिसला. हातमोजे घालून भरली मी, तुझ्या भरवशावर. ही कोल्ह्याची आहेत, वहिनी. खुराड्याशी येणाऱ्या कोल्ह्याची. आत शिरली की फुलतात आणि तिथल्या तिथं फुटतात."

सायमानं काडतूस घेऊन उजेडाकडे धरलं.

"मोठा नर होता. चाळीस पावलांवर, आडवा उभा. मी फऱ्यामागे, खांद्याच्या मागे, नेम धरला, ऐन वेळी त्यानं पाऊल टाकलं आणि गोळी फऱ्याच्या हाडावर बसली. जड असती तर हाड मोडून पार गेली असती. ही वरच फुटली. कातडं फाटलं, मांस फाटलं, आत काही पोचलंच नाही. पुढचा पाय नुसता लोंबत होता. तीन पायांवर पळाला. दुसरी मारली, ती कुठे गेली देव जाणे. दोन तास रक्तामागून फिरलो. बसतो, उठतो, परत पळतो." त्यानं तोंडावरून हात फिरवला. "मी जड म्हणालो होतो. एवढी एकच गोष्ट म्हणालो होतो."

"जडच दिली," सायमा म्हणाली. "एकशे पंचवीस."

"एकशे पंचवीस जड? अगं, एकशे अठ्ठावन्न होती ना तिथं?"

"ते तर संध्याकाळचं गाणं आहे."

वेइको तिच्याकडे बघत राहिला. "कसलं गाणं?"

मग तिला सांगावं लागलं. शनिवार, गीतपुस्तक, पेन्सिल, झाकणावरचा आकडा. इतकी वर्षं जे तिनं कुणाच्या उजेडात आणलं नव्हतं, ते भिजल्या पायांच्या दिरासमोर पाचसहा वाक्यांत संपलं. सांगताना तिच्या लक्षात येत होतं, की मोठ्यानं म्हटल्यावर ते किती लहान होतं.

वेइकोला आधी हसू फुटलं, नाकातून. मग तिचा चेहरा पाहून ते जागीच मेलं.

"वहिनी," तो हळू म्हणाला, "ते वजन आहे. गोळीचं. औषधवाल्यांच्या जुन्या मापात, ग्रेनमध्ये. एकशे दहाची सगळ्यांत हलकी, एकशे ऐंशीची सगळ्यांत जड. ती अस्वलाला. अठ्ठावन्नवाली हरणाची."

"आणि खालचं वर्तुळ?"

"खळग्याची खूण. टोकाला भोक आहे, म्हणून."

तिनं जाऊन एकशे अठ्ठावन्नची डबी आणली. वेइकोनं त्यातलं एक काडतूस काढून दुसऱ्याशेजारी उभं केलं. आता तिला फरक दिसला. या गोळीचं तोंड बोथट होतं, भरीव, काळपट शिशाचं. त्यावर खळगा नव्हता, काही नव्हतं.

"ही फुलत नाही, फुटत नाही," वेइको म्हणाला. "दिसायला मठ्ठ आहे. पण इकडून शिरली की तिकडून बाहेर पडते आणि वाटेतली दोन्ही फुप्फुसं घेऊन जाते. जनावर पन्नास पावलं जातं आणि झोपल्यासारखं पडतं. दादा म्हणायचा, जनावराला कळायच्या आत संपलं पाहिजे."

सायमानं टेबलाच्या कडेला हात टेकला. दाबयंत्र आवळायच्या जागी लाकूड खचलेलं होतं.

"वेइको, तू कितीतरी शनिवारी इथं होतास. खरं सांग. मी गायचे तेव्हा तो ऐकायचा का?"

वेइकोनं खिडकीबाहेर बघितलं. त्याला खोटं बोलता आलं असतं. तो प्रयत्न करत होता, हेही तिला दिसलं.

"तो मोजत असायचा, वहिनी. दारूचा एक दाणा जास्त झाला तर हातात फुटायचं, आणि त्याला धड हात एकच होता. मोजताना माणूस काही ऐकत नाही. ऐकलं तर माप चुकतं."

"हं," सायमा म्हणाली.

चुलीवरची कॉफी उकळून उतू गेली. तिनं ती बाजूला केली, फडक्यानं पुसून घेतलं, फडकं पिळून दांडीवर टाकलं. सगळं नेहमीसारखं. आत मात्र, कोठडीतल्या त्या दोन महिन्यांसारखं काहीतरी परत गोठायला लागलं होतं. आज पहाटेही ती त्या आकड्यांतलं एक गाणं म्हणाली होती. आठ महिने ती वजनं गात होती. ऑर्वो होता तसाच राहिला होता, ओठ मिटून, शेवटच्या बाकावर, आणि आता त्याच्या बाजूनं साक्ष द्यायला कुणी नव्हतं.

ती वळली आणि वेइकोसमोर उभी राहिली.

"माझ्यामुळे झालं. तुझ्या आणि त्या जनावराच्या हालांचा दोष माझ्या माथी आहे. मला क्षमा कर."

"अगं जाऊ दे ना. झालं ते झालं."

"असं नाही. तोंडानं म्हण."

"मला नको ते म्हणायला लावू, वहिनी. माझा अधिकार गेला त्याला वीस वर्षं झाली. तुझ्या त्या वडील मंडळींना विचार." त्यानं मान खाली घातली. "आणि माझं काय जातंय यात? मला एक गुडघा सुजला, तो उतरेल. तिकडे तो देवदारांच्या खाली पडलाय, त्याला कुणी विचारायचं?"

ती खिडकीशी गेली. खिडकीतून दलदलीची काळी रेघ दिसत होती आणि तिच्यावर आभाळ टेकलेलं.

"कुठवर गेला होता?"

"जुन्या रेल्वेच्या बांधापलीकडे. शेवटी बघितला तेव्हा पडलेल्या हेमलॉकच्या खोडाआड बसला होता. मी उठवला नाही, खोडाआड नेम लागेना आणि या गुडघ्यानं मला पुढे जाताच येईना. फांदीला गळ्यातला रुमाल बांधून आलोय." तो उठायला गेला आणि तोंड वाकडं करून परत बसला. "शेजारच्या पोरांना फोन करू. यार्मोला, त्या दोघा भावांना."

"ते सगळे रानात आहेत. अंधार पडल्याशिवाय एकही घरी येणार नाही. आणि अंधाराबरोबर बर्फ येणार."

"मग रक्त झाकलं जाणार. मग संपलंच." वेइकोनं टेबलावर मूठ ठेवली, आपटली नाही. "रात्रभर बसून राहील तो. कोल्हे जिवंतपणीच सुरू करतात, वहिनी. मी पाहिलंय."

"मी जाते," सायमा म्हणाली.

"तू?"

"आपली काळी गाय विहिरीच्या खड्ड्यात पडून पाय मोडून बसली तेव्हा ऑर्वो लाकूडकटाईच्या छावणीवर होता. तिला गोळी कोणी घातली मग?"

"गाय जागची हलत नव्हती. आणि ते तिसेक वर्षांपूर्वीचं."

"हाही हलत नाही म्हणतोस ना. मी जवळ जाईन."

वेइकोनं तिला वरपासून खालपर्यंत न्याहाळलं. डोक्याला रुमाल, अंगात एप्रन, एकसष्ट वर्षांची बाई, जिचा आवाज शेजारच्या खोलीतही पोचत नाही.

"वनखात्याचा माणूस भेटला तर काय सांगशील? परवाना माझ्या नावाचा आहे."

"जे आहे ते सांगेन."

"सांगशील तूच. दंडही आनंदानं भरशील."  मग त्याचा आवाज बदलला. "वहिनी, सापडला नाही म्हणून अर्ध्यातून परत येशील आणि मला सांगशील की मेला होता, असं नको. मला ते झोपू देणार नाही. त्याला तसं ठेवणार नाहीस, असं म्हण. शपथ घे."

"आमच्यात शपथ घेत नाहीत."

"मग?"

"हो," सायमा म्हणाली. "त्याला तसं ठेवणार नाही. सापडेपर्यंत फिरेन."

त्यानं रिव्हॉल्वर तिच्यापुढे सरकवलं. तिनं चक्री उघडून आतली दोन रिकामी नळकांडी काढली आणि मेणकापडावरची खळगेवाली चार काडतुसं गोळा केली. ती चार तिनं वेगळ्या वाटीत ठेवली, पुन्हा कुणी चुकू नये म्हणून. मग एकशे अठ्ठावन्नची सहा, एकेक करून, बोथट तोंडावर अंगठा फिरवून पाहत, सहाही घरांत सारली. वेइको म्हणाला, "फऱ्यामागे, हाडावर नाही. पंधरा पावलांच्या आत जा. दोन्ही हातांनी धर. घोडा आधी चढव, म्हणजे चाप हलका लागतो." ती प्रत्येक वाक्याला मान हलवत होती. एप्रन काढून तिनं खुंटीला लावला, ऑर्वोचा लोकरी कोट घातला, बाह्या दोनदा दुमडल्या. वेइकोच्या पायाखाली स्टूल दिलं आणि त्याच्यापुढे कॉफी ठेवली.

"पाव फडक्याखाली आहे," ती म्हणाली. "बर्फाचं पाणी गुडघ्यावर ठेव. गरम नको."

"विजेरी घेतलीस?"

"घेतली."

बाहेर वारा अजिबात नव्हता. अंगणापलीकडे वेइकोच्या बुटांचे ठसे दलदलीकडून घराकडे आले होते, उजव्या पायाची टाच ओढलेली. सायमानं सवयीनं गाणं ओठांवर आणलं आणि ते येईना. कुठलंच येईना. तिनं ओठ मिटले. तारेच्या कुंपणाची खालची तार वर उचलून ती वाकून पलीकडे गेली, कोटाची कड सोडवून घेतली आणि ठशांच्या उलट दिशेनं, जुन्या बांधाकडे चालू लागली.